कळशीचे ठिगळ

आमच्या आजीच्या पितळी कळशीला बुडाशी भोक पडले, ही गोष्ट घरात बरेच दिवस कोणाच्या ध्यानात आली नाही. ओट्यावर ओल दिसे. ती कोणी सांडलवंडीची समजे, कोणी पावसाची. अखेर एके दिवशी आजीनेच कळशी रिकामी करून उजेडाकडे धरली, तेव्हा तिच्या बुडातून तांदळाच्या दाण्याएवढे आभाळ दिसले.

ही कळशी आजीच्या लग्नातली. पैनगंगेपलीकडील माहेराहून जी पाचसहा भांडी तिच्याबरोबर आली, त्यांपैकी एवढी एकच उरली आहे. बाकीची कधी अडचणीत मोडीत गेली, कधी वाटण्यांत. पूर्वीही एकदा तिचे बूड गळू लागले असता दारावर आलेल्या कल्हईवाल्याने त्यावर शिशाचा डाग दिला होता. तोच डाग आता सुटला होता. आता तसे कल्हईवाले आमच्या तलमडुगूत येत नाहीत. बाबांनी कळशी आदिलाबादेस नेली. तेथील एका दुकानदाराने ती दोन वेळा उलटीसुलटी केली, काट्यावर ठेवली आणि मोडीचा भाव सांगितला. बाबा कळशी तशीच परत घेऊन आले, आणि येताना एक निळी प्लास्टिकची घागरही घेऊन आले. आजी काही बोलली नाही. तिने कळशी चिंचेने घासली, लखलखीत केली आणि देव्हाऱ्याच्या बाजूला कोनाड्यात उपडी घालून ठेवली. घासलेले भांडे वापरावाचून उपडे पडलेले पाहणे आम्हां दोघां भावंडांना बरे वाटेना.

आमचे मामा आदिलाबादेत शीतपेट्या दुरुस्त करतात. शीतपेटीच्या मागे ज्या तांब्याच्या नळ्या असतात, त्यांचे सांधे ते ज्योतीने तापवून एका सळईने जोडतात, हे आम्ही अनेकदा पाहिले होते. त्या सांध्यातून हवासुद्धा निसटत नाही. ज्यातून हवा निसटत नाही, त्यातून पाणी कसे गळेल? एवढ्या एका विचारावर आम्ही आजीला वचन देऊन बसलो. वचन देण्यापूर्वी मामांना विचारावे हे सुचले नाही, ही आमची पहिली चूक.

मामांनी ऐकून घेतले आणि प्रथम आमचे अज्ञान दूर केले. धातूला धातू जोडण्याचे तीन मार्ग आहेत. वेल्डिंगमध्ये जोडावयाच्या वस्तूंच्या कडाच वितळवून एकजीव करतात. साध्या डाखात कथील किंवा शिसे यांसारखा लवकर वितळणारा धातू मध्ये घालतात. रेडिओच्या तारा जोडतात तो हाच. या दोहोंच्या मधला मार्ग झाळण्याचा. त्यात मूळ वस्तू वितळत नाही. तिच्याहून कमी उष्णतेवर वितळणारा, परंतु डाखापेक्षा पुष्कळ बळकट असा धातू सांध्याच्या फटीत ओढला जातो. डाख आणि झाळ यांमधील सीमा सुमारे ४५० अंश सेल्सिअस धरतात. दिव्याच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तसा हा वितळलेला धातू अरुंद फटीत स्वतःच शिरतो. मात्र फट खरोखर अरुंद हवी, वहीच्या कागदाएवढी. ‘फट मोठी असली तर सळई तिला भरीत नाही, नुसती झाकते,’ असे मामा म्हणाले.

आता साहित्य. बतुकम्मा-दसऱ्याच्या सुट्टीत घरच्याच शेतात कापूस वेचून आम्ही जे पैसे साठविले होते, ते या कामी लावण्याचे ठरले. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरला टॉर्च लावता येईल का, म्हणजे तेवढाच खर्च वाचेल, असे आम्ही विचारताच मामांचा चेहरा बदलला. तो विचार पुन्हा मनात आणू नये, असे त्यांनी आईच्या समोर आमच्याकडून कबूल करवून घेतले. घरगुती सिलिंडरचा दाबनियंत्रक शेगडीसाठी असतो, टॉर्चसाठी नव्हे. तो काढून दुसरा बसविणे बेकायदेशीर आहे आणि प्राणघातकही. त्याऐवजी लहान डब्यावर बसणारी टॉर्च घेतली. हिशेबाच्या वहीत असे लिहिले आहे: टॉर्च ३८० रुपये, गॅसचे दोन डबे २८०, तांबे-फॉस्फरसच्या सहा सळया १५०, भट्टीच्या दोन विटा १२०, चष्मा ८०, टाकणखार ४०. एकूण १,०५० रुपये. कानस, चिमटा आणि पितळी तारांचा ब्रश मामांनी दिला; वाळूची बादली अंगणातच होती.

यांतला टाकणखार मिळविण्याची कथा थोडी सांगण्यासारखी आहे. दुकानात जाऊन आम्ही टाकणखार मागितला. दुकानदारांनी मान हलविली. आमच्या वर्गातील एका तेलुगू मैत्रिणीने ‘वेलिगारम्’ म्हणून पाहिले. ते तेथल्या नोकराला कळले, परंतु डबा कोठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ‘सुहागा’ म्हणताच डबा फळीवरून खाली आला. सोन्याला सुहागा लाभणे ही हिंदीतील म्हण सोनाराच्या याच क्षारावरून आली आहे, हे आम्हांला त्या दिवशी उमगले. एका पुडीला तीन भाषांत तीन नावे, आणि आमच्या गावात तिन्ही उपयोगी पडतात. पूर्वी हा क्षार तिबेट-लडाखकडील सरोवरांच्या काठी मिळे आणि मेंढ्यांच्या पाठीवरून हिमालयाच्या खिंडी ओलांडून खाली येई. संस्कृतातील ‘टंकण’ हा शब्द त्याच्याबरोबर प्रवास करीत थेट युरोपात ‘टिंकल’ होऊन पोहोचला. चाळीस रुपयांच्या पुडीने एवढा प्रवास केला असेल, असे तिच्याकडे पाहून वाटत नाही.

टाकणखाराचे काम असे. धातू तापला म्हणजे हवेतील प्राणवायू त्यावर काळी पुटे चढवितो, आणि त्या पुटांवर वितळलेला धातू चिकटत नाही; अळवाच्या पानावरील पाण्यासारखा तो घरंगळतो. टाकणखार तापला की आधी लाहीसारखा फुगतो, मग बसतो आणि सुमारे ७४० अंशांवर वितळून स्वच्छ काचेसारखा पसरतो. ही काच काळी पुटे विरघळवून घेते आणि हवा दूर ठेवते. आमच्या सळयांत मुख्यतः तांबे आणि सुमारे सात टक्के फॉस्फरस असतो. तांब्याला तांबे जोडताना तो फॉस्फरसच टाकणखाराचे काम करतो, म्हणून काही लावावे लागत नाही. पितळेला मात्र टाकणखार हवाच. आणि या सळईने लोखंड जोडू नये. सांधा दिसण्यात चांगला येतो, पण ठिसूळ होऊन तडकतो. मामांनी हे सांगितले नसते तर कळशीनंतर आम्ही सायकलला हात घातला असता, यात शंका नाही. जुन्या सायकलींचे सांधे झाळलेलेच असत, परंतु त्यांना वेगळी सळई आणि वेगळा हात लागतो.

मामांच्या दुकानातील तांब्याच्या नळीचे तुकडे घेऊन अभ्यास सुरू झाला. अंगणात, गंजीपासून दूर, विटांवर. सिमेंटच्या ओट्यावर ज्योत रोखू नये; त्यातील ओलाव्याची वाफ होऊन टवके उडतात. पहिल्या दिवशी आम्ही ज्योत सळईवर धरली. सळई वितळली, तिचे मण्यासारखे गोळे झाले आणि ते नळीवरून गडगडत विटेवर पडले. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्योत आणखी मोठी केली. गोळे आणखी मोठे झाले. रविवारी मामा आले. त्यांनी हातातील टॉर्च घेतली आणि सळईकडे ढुंकूनही न पाहता ज्योत नळीभोवती फिरवीत राहिले. नळी मंद तांबूस झाली. मग त्यांनी ज्योत किंचित बाजूला केली आणि सळईचे टोक सांध्याला नुसते लावले. ती वितळली आणि एका क्षणात सांध्याभोवती चकचकीत कडे उमटले. ‘सळई ज्योतीने वितळवायची नसते,’ ते म्हणाले, ‘वस्तूच्या अंगातल्या उष्णतेने वितळवायची असते. वस्तू तयार नसेल तर सळईचा काय दोष?’

या एका वाक्याने आमचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे सावलीने केले. आम्ही भर दुपारी उन्हात बसत होतो, आणि उन्हात मंद तांबूस रंग दिसतच नाही. दिसेपर्यंत धातू फार तापलेला असतो. गोठ्याच्या बाहेरील लिंबाच्या सावलीत बसताच रंग दिसू लागला. सांधा तपासण्याची रीत मामांचीच: नळीचे एक तोंड बोटाने बंद करावे, सांधा पाण्यात बुडवावा आणि दुसऱ्या तोंडाने फुंकावे. बुडबुडे आले तर सांधा नापास. आमचे पहिले अकरा सांधे नापास झाले. बारावा उत्तीर्ण झाला, तेव्हा आम्ही एवढा गलका केला की आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ‘काय रे, भाजलं की काय?’ म्हणून विचारू लागली.

पितळेची गोष्ट निराळी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते ९०० अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि आमची सळई नीट वाहायला ८०० अंशांच्या जवळपास न्यावे लागते. मधले अंतर तेवढेच. एका मोडक्या पितळी पळीवर आम्ही ज्योत जरा जास्त वेळ धरली, तर पांढरा धूर निघाला आणि पळीचे टोक मेणासारखे खाली बसले. तो धूर जस्ताचा. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो, म्हणून पितळेचे काम नेहमी मोकळ्या हवेत आणि वाऱ्याकडे पाठ करून करावे. जस्त चढविलेल्या पत्र्याच्या बादलीला तर ज्योत लावूच नये.

पळीने दिलेला इशारा आम्ही पुरता ऐकला नाही. दोनचार पितळी तुकडे बरे जमले आणि आम्हांला धीर आला. एका सायंकाळी, मामा नसताना, आम्ही कळशी कोनाड्यातून काढली. घासली, टाकणखार कालवून लावला आणि टॉर्च पेटविली. दहा मिनिटे झाली तरी बूड तांबूस होईना. कळशीचे एवढे मोठे अंग सारी उष्णता ओढून घेत होते. मग दोन्ही डब्यांवर आळीपाळीने टॉर्च चढवून ज्योत त्या भोकावरच रोखून धरली. तेवढा भाग एकाएकी लाल झाला. आणि आमच्या डोळ्यांदेखत तांदळाच्या दाण्याएवढे भोक रुंदावू लागले. कडा करड्या होऊन आतल्या आत ढासळत होत्या. आम्ही ज्योत काढली तोवर भोक रुपयाएवढे झाले होते.

त्या रात्री आम्ही जेवलो ते कसेबसे. कळशी गोठ्यात पोत्याखाली लपविली होती. लपविणे ही आमची दुसरी चूक, आणि तीत आम्ही दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी देवपूजा करून उठली आणि कोनाड्याकडे पाहत उभी राहिली. तेव्हा धाकटीला रडू फुटले आणि सारे बाहेर पडले. आजीने कळशी आणवून भोकात अंगठा घालून पाहिला. ‘मोडीत घातली असती तर सगळीच गेली असती,’ ती म्हणाली, ‘ही तर अजून घरात आहे.’ पुढे ती काही बोलली नाही. आम्हांला मात्र रागावली असती तर बरे झाले असते, असे वाटले.

संक्रांतीच्या सुट्टीत मामा आले आणि त्यांनी कळशी पाहताक्षणी कारण सांगितले: शिसे. जुन्या डागातील शिसे आणि कथील आम्ही खरवडून काढले नव्हते. ते तापून पितळेत शिरले आणि जेथे शिरले तेथे पितळ लवकर वितळून ढासळले. डागाच्या जागी झाळ करावयाची असेल तर आधी त्या डागाचा कण न् कण काढावा लागतो, हे शीतपेटीच्या नव्या नळ्यांवर आम्ही शिकणार तरी कसे? शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला शिसे मुळातच वाईट. म्हणजे ते गेले ते एका अर्थी ठीकच.

मग मामांनी कळशी आडवी धरून तिच्या पोटावर बोट फिरविले. तेथे एक बारीक, दातेरी, फिकट पिवळी रेघ सबंध कळशीभोवती गेली आहे. लहानपणापासून ती आम्ही पाहत होतो आणि नक्षी समजत होतो. ती नक्षी नव्हे. कळशी वरच्या आणि खालच्या अशा दोन अर्धांची केलेली आहे. कडांना दाते कापून, ते एकमेकांत अडकवून, तांबटाने तेथे जास्त जस्ताचे पितळ आणि टाकणखार घालून कोळशाच्या भट्टीत झाळ दिली आहे. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत ज्यांची घरे पेशवाईपासून नांदली, त्या जातीच्या कारागिरांचे हे नित्याचे काम. ज्या विद्येचा आम्ही शीतपेटीमागे शोध लावला होता, ती आजीच्या कमरेवर रोज पाणी वाहत होती. ही जुनी झाळ मूळ पितळेच्या आधी वितळते, तेव्हा आमची ज्योत आणखी पसरली असती तर कळशी मधोमध उघडली असती, असेही मामा म्हणाले. ते ऐकून आम्हांला पुन्हा एकदा घाम फुटला.

येथे थोडे विषयांतर. आमच्या अविभाजित आदिलाबाद जिल्ह्यात केसलागुडा, उशेगाव या गावी ओझा कारागीर मेणाचा साचा करून पितळेच्या मूर्ती, दिवे, घुंगरे ओततात. त्यांच्या कामाला ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेसाठी मेश्राम कुळातील लोक गोदावरीचे पाणी झारीतून पायी घेऊन येतात. पितळेची एवढी चहा असलेल्या मुलखात एक गळकी कळशी दुरुस्त करून मिळू नये, याचे आम्हांला नवल वाटते. परंतु नव्या वस्तूचे कौतुक होते, आणि ठिगळाला कोणी मानांकन देत नाही.

असो. मामांनी छिन्नीने भोकाभोवतीचे सारे बिघडलेले पितळ कापून काढले. भोक आता लिंबाएवढे झाले. आजी तेथेच बसली होती. तिने एकदाच डोळे मिटून घेतले. तांब्याच्या जाड पत्र्याचे गोल ठिगळ कापले. कडेला पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट तरी आच्छादन हवे. आम्ही भीतीपोटी बोटभर ठेवले. बुडाचा गोलवा ठिगळाला यावा म्हणून ते तापवून, पाण्यात बुडवून मऊ केले आणि लाकडी हातोडीने ठोकले. हेच काम सर्वांत लांबले. ठोकावे, बसवून पाहावे, कडेखाली कागद सरकवावा. कागद सैल गेला की पुन्हा ठोकावे. एक सबंध सकाळ त्यात गेली. शेवटी कागद सगळीकडे अडखळू लागला. मग दोन्ही पृष्ठे घासून, टाकणखाराची पेज लावून ठिगळ बसविले.

दोन्ही भावंडांनी मिळून जे टॉर्चने साधले नव्हते, ते मामांनी कोळशाने साधले. कळशी उपडी ठेवली. तोंडाखाली विटेच्या चिपा सारल्या, कारण आत कोंडलेली हवा तापून फुगली तर ठिगळच उचलून टाकील. पोटावरच्या जुन्या रेघेभोवती ओल्या मातीचा जाड पट्टा थापला. भोवती विटांचा वेढा करून वर बुडापर्यंत निखारे रचले आणि फुंकणीने फुंकले. सारे बूड सावकाश तापले. टाकणखार फुगला, बसला, चकाकला. मग दोन बाजूंनी दोन टॉर्च (दुसरी मामांची) ठिगळावर फिरू लागल्या. सळई आमच्या हाती होती. मामा ‘थांबा’ म्हणत होते. आम्ही थांबलो होतो. मंद लाली चढली आणि ते ‘आता’ म्हणाले. सळई कडेला लावली तेव्हा ती आत ओढली गेली, दिसेनाशी झाली, आणि क्षणभराने ठिगळाच्या आतील कडेला, भोकाच्या काठाशी, तांबूस रेघ उमटल्याचे आतून आरसा धरून पाहणाऱ्या बाबांनी ओरडून सांगितले. सबंध फेरी व्हायला दोन मिनिटेही लागली नसतील.

कळशी आपोआप निवू दिली. घाईने पाणी ओतू नये. निवल्यावर गरम पाण्यात भिजत घातली, म्हणजे टाकणखाराची काच सुटते. ती राहिली तर खाली धातू खाते. मग आजीची चिंच.

रात्री कळशी काठोकाठ भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी आम्ही उठण्यापूर्वीच आजीने ती उचलून पाहिली होती. कागद कोरडा होता. फक्त एका कोपऱ्यात भरताना सांडलेल्या पाण्याचा सुरकुतलेला डाग. पिवळ्या बुडावर तांबडे ठिगळ ठळक दिसते, आणि त्याचा एक काठ जरा ओबडधोबड झाला आहे. तो आमच्या हातचा. निळी घागर आता गोठ्यात असते.

ही बातमी गल्लीत पसरली आहे. परवा शेजारच्या काकूंनी कापसावर औषध मारायच्या पंपाची पितळी नळी आणून दिली. ती जोडाजवळ चिरली आहे. काम कळशीहून पुष्कळ सोपे. पण नळीत वर्षानुवर्षांचे कीटकनाशक मुरलेले असणार, आणि ते तापून होणारा धूर कोणाच्या छातीत जाणार? ती धुऊन घेता येईल की तशीच परत करावी, हे मामा आल्यावर ठरेल. तोपर्यंत नळी दाराबाहेर खुंटीला टांगून ठेवली आहे.